भाऊबीजेच्या ताटातलं नॅस्टरशियम

मी माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. फुलाचं बी माझ्या कपाटात पडलेलं असताना तिला ते दीड महिना उशिरा दिलं, आणि दिलं तेही भाऊबीजेच्या ताटात घालून, बसलेल्या पाहुण्यांकडून वाहवा घेत. त्याआधी कित्येक वर्षं मी भेटेल त्याला याच्या उलट सांगत होतो. आक्काने मला फसवलं, असं.

तो जुना राग आधी सांगतो. वडील गेले तेव्हा पद्धतीप्रमाणे आक्काने हक्कसोड लिहून द्यायची होती. पलूसच्या बाहेर आमची पावणेदोन एकर काळी जमीन आहे, तिच्यावर माझं एकट्याचं नाव लागायचं होतं. कागद तयार होते, साक्षीदार आले होते, तिच्यासाठी घेतलेली साडी माझ्या पिशवीत होती. आक्का माण तालुक्यात दिलेली. ती पहाटेची निघून दोन एसट्या बदलून आली, कचेरीच्या बाकावर टेकली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "सही न्हाई करत मी. मला काय नगं तुझं. पर माझं नाव राहू दे त्या कागदावर. नुसतं नाव."

"नाव राह्यलं म्हंजी हिस्सा राह्यला, आक्का. येडा समजतीस व्हय मला?"

मी हे साक्षीदारांसमोर ओरडून म्हणालो. साडी तशीच घरी आणली आणि बायकोला दिली. तिने ती आजवर नेसलेली नाही. पुढे आक्काने त्या जमिनीतलं मूठभर धान्यही कधी मागितलं नाही. तरी ती उद्या मागेल, परवा मागेल, अशा हिशेबाने मी तिच्याशी वागत राहिलो.

मला वाटायचं, एवढा संशय मला शोभतो, कारण मी कमावून खाणारा. सांगलीच्या गल्ल्यांतून हातगाडीवर तुळस, मोगरा, जास्वंद विकत मी वर आलो. गिऱ्हाईक कुंडी खाली ठेवून चालू लागलं की कितव्या पावलावर हाक मारायची, हे मला त्या काळात समजलं. पहिल्या पावलावर मारली तर आपण पडलो, सहाव्यावर मारली तर गिऱ्हाईक गेलं. पुढे जमिनीवर नर्सरी उभी केली. पण डोक्यातून ती पावलं गेली नाहीत. सख्ख्या बहिणीचीसुद्धा मी पावलंच मोजत होतो.

नॅस्टरशियम माझ्याकडे आलं ते पाचगणीच्या एका रिसॉर्टच्या शेफमुळे. तो शोभेच्या कुंड्या घ्यायला आला होता. मोबाईलवर त्याने फोटो दाखवला. कमळासारखी गोल पानं, देठ पानाच्या मधोमध आणि नारिंगी, पिवळी, लाल फुलं. प्रत्येक फुलाला मागे एक बारीक शेपटी, तिच्यात मध असतो.

"ये चाहिए. फूल भी, पत्ता भी. गेस्ट खाते हैं."

मी मोठ्याने हसलो. मग बी मागवलं. वाळक्या, सुरकुतलेल्या हरभऱ्याएवढं ते बी. पाण्यात भिजवायचं, बोटाच्या एका पेराएवढं खोल टोचायचं, आठ-दहा दिवसांत उगवतं. पान चावून बघितलं तर अळीव आणि मुळा एकत्र खाल्ल्यासारखा तिखटपणा नाकात चढला. लोक यासाठी दर मोजायला तयार आहेत, हे कळल्यावर मी हसणं थांबवलं.

पहिल्या वर्षी मी बी दिवाळी आटोपल्यावर टाकलं. दिवाळीपर्यंत झेंडूच्या गडबडीत नर्सरीत कोणाचा हात रिकामा नसतो. संक्रांतीच्या सुमाराला फुलं सुरू झाली, आणि त्याच आठवड्यात आभाळ येऊन हवा कोंदट झाली. पानांखाली काळा मावा बसला. मावा म्हणजे तिळाहून बारीक किडे, रस शोषणारे, अंगाला अंग लावून बसणारे. पानं चिकट झाली, मुंग्या चढल्या. खायचं फूल, त्यामुळे औषध मारायची सोय नव्हती. मी पाण्याने धुवून डब्या भरल्या आणि गाडी घेऊन स्वतः घाट चढलो.

शेफने एक फूल उचललं, पांढऱ्या बशीवर हलकेच झटकलं. शेपटीत बसलेले चार-पाच काळे ठिपके बाहेर पडून बशीवर चालायला लागले. त्याने बशी माझ्यासमोर धरली.

"मेरा गेस्ट चलता हुआ खाना नहीं खाता, सेठ."

स्वयंपाकघरातले सगळे हसले. मी तिथे त्याच्याशी भांडलो, त्याच्या पाण्याला, त्याच्या फ्रीजला, त्याच्या बशीला नावं ठेवली. डब्या परत आणून उकिरड्यावर ओतल्या.

त्याच माघात आक्का एका लग्नासाठी आमच्याकडे आली होती. सकाळी नर्सरीत फिरता फिरता तिने एक पान उलटं केलं, बोटाने मावा पुसला आणि साडीला बोट पुसलं.

"ह्यो तर आमच्या करडईवरचा मावा. कवा टाकलं हुतंस बी?"

"दिवाळी झाल्यावर."

"मग पडणारच की रं. करडई उशिरा पेरली की अशीच काळी हुती. आमी हस्त निघायच्या आत पेरतो. थंडी धरायच्या आत झाड फुलावर येतं, मावा येईपतुर आपलं काम झालेलं असतं. त्यो त्याच्या टायमाला येतो, आपुण आपल्या टायमाला जायचं."

"ही करडई न्हाय, आक्का. परदेशी फूल हाय."

"मावा कुठला हाय? आपलाच न्हवं?"

पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागला आणि मी दुसऱ्याच दिवशी बी टोचलं. नोव्हेंबर संपता संपता फुलं आली. नाताळ आणि नवीन वर्षाची सगळी गर्दी मी एकही किडा न दाखवता काढली. जानेवारीत मावा आला तेव्हा वाफ्यांतली झाडं उपटून टाकायलाच आली होती. आजूबाजूचे नर्सरीवाले विचारायला आले, वडूजकडचे दोन शेतकरीही आले. मी प्रत्येकाला चहा पाजला आणि सांगितलं की दोन वर्षं निरीक्षण करून मी ही तारीख काढली आहे. आक्काचं नाव एकदाही तोंडातून आलं नाही. विसरलो म्हणून राहिलं असंही नाही. एकदा जिभेवर आलं होतं, मी गिळलं.

लग्नाला आली होती तेव्हा आक्काने जाताना मूठभर बी मागून नेलं होतं. मी खुशाल दिलं, म्हटलं ती काय करणार त्याचं. तिने ते माझ्याबरोबरच, हस्तात, आपल्या विहिरीच्या कडेला मुरमात टोचलं. पुढच्या पौषात ती आली तेव्हा तिने जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, डब्यात फुलं आणली होती. ओल्या फडक्यात गुंडाळलेली.

ती फुलं मी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. या झाडाची एक गोष्ट तोपर्यंत माझ्या लक्षात आली होती. जमीन जितकी कसदार, तितकी पानं माजतात आणि फुलं पानांखाली दडतात. माझ्या काळ्या रानात पानं बशीएवढी व्हायची, आणि मजूर बायकांना फुलं हुडकावी लागायची. आक्काच्या मुरमाड जमिनीत पानं लहान होती, फुलं दाट होती, रंग गडद होता. मी एक तोंडात टाकलं, ते माझ्यापेक्षा तिखट होतं. शिवाय पाचगणी पलूसहून जेवढी लांब, त्यापेक्षा तिच्या गावाहून जवळ. ज्या जमिनीला आम्ही तिच्या लग्नापासून हसत आलो होतो, ती याच एका पिकाला माझ्या जमिनीहून चांगली निघाली.

"बरी आल्यात न्हवं?" आक्काने विचारलं.

"बरी हायत," मी म्हणालो.

त्या वर्षी उन्हाळ्यात तिने सांगितलं की पुढच्या हंगामाला अर्धा एकर हेच लावायचं. दाजी, आक्काचे यजमान, तेव्हा वाशीच्या बाजारात पोती वाहत होते. लग्नानंतर वर्षातले दहा महिने ते तिकडे आणि आक्का इकडे, असाच त्यांचा संसार झाला. आता त्यांची कंबर गेली होती. आक्का म्हणाली, "एवढं एक पीक साधलं तर त्यास्नी परत जाऊ देत न्हाई मी. दोघं मिळून फुलं खुडू. बी तेवढं तू मागवून ठेव माझ्यासाठनं, तुला ठावं हाय कुठनं घ्यायचं ते."

मी हो म्हणालो. बी गणपतीच्या आधीच आलं. तिच्या वाट्याचं मी वेगळं बांधून स्टीलच्या डब्यात, कपाटात ठेवलं. तोपर्यंत माझ्या मनात खरंच काही नव्हतं. किंवा होतं, पण त्याला अजून तोंड फुटलं नव्हतं.

त्या वर्षी अधिक महिना पडला होता. सगळे सण पुढे गेले आणि हस्त नेमका पितृपंधरवड्यात आला. गौरी उठल्यावर आक्काचा फोन आला.

"बी आलं का रं? हस्त लागाय चार दिस ऱ्हायल्यात."

मी डब्याकडे बघत होतो. आणि माझ्या तोंडून निघालं, "आक्का, पंधरवडा लागतोय आता. पितरांच्या दिवसांत नव्या कामाला बी हातानं द्यायचं न्हाई बग. जाऊ दे पंधरवडा."

"पेरणीला कसला आलाय पंधरवडा? आमी शाळू पेरत न्हाय व्हय?"

"शाळू घरचा. ह्यो नवा धंदा हाय. दाजी सगळं सोडून येणार, आन् तू असल्या दिवसांत सुरू करणार? मला न्हाई पटत."

"बरं, जाऊ दे मग पंधरवडा," ती म्हणाली. दाजींचं नाव काढलं म्हणूनच तिने ऐकलं. मी ते मुद्दाम काढलं होतं.

त्याच पंधरवड्यात, तिसऱ्या दिवशी, मी माझं बी टोचलं. बायको वाफ्याच्या कडेला उभी होती.

"तुमच्या वाफ्याला पितर चालत्यात, आक्काच्याच वाफ्याला चालत न्हाईत व्हय?"

"तुला त्यातलं काय कळतंय?"

"डबा कपाटात हाय एवढं कळतंय," ती म्हणाली, आणि आत गेली. मी तिच्यामागे जाऊन खूप बोललो. नर्सरी कोणी उभी केली, उन्हातान्हात कोण फिरलं, सगळं तिला ऐकवलं. ती भाकरी थापत राहिली.

नवरात्रात आक्काने परत फोन केला. मी सांगितलं बी कमी आलंय, आणखी मागवलंय. दसऱ्याला दाजी बाजारातलं काम सोडून पेटी घेऊन गावी आले. त्यांनी बैलांची जोडी भाड्याने आणून रान तयार केलं, वाफे बांधले, विहिरीवरून पाइप ओढला. हे ते मला फोनवर रोज सांगायचे. "पाव्हणं, रान कसं, आरशावाणी केलंय. या एकदा बघाय." तयार रान बी नसल्यामुळे तसंच पडून होतं, आणि मी फोनवर "अरे वा दाजी" म्हणत होतो.

मग भाऊबीज आली, नोव्हेंबर अर्धा झाल्यावर. आक्का आणि दाजी दोघं आले. बरीच वर्षं दाजी भाऊबीजेला आलेच नव्हते, त्यांना रजा मिळायची नाही. आक्काने मला पाटावर बसवून ओवाळलं. मी तिच्या ताटात बियांची पिशवी ठेवली, लाल कापडात बांधून, वर हळदकुंकू वाहून. "ह्या वर्षी साडी न्हाई, आक्का. ह्या वर्षी तुझा धंदा," मी म्हणालो. माझ्या चुलत्यांनी मान डोलावली. कोणीतरी म्हणालं, भाऊ असावा तर असा. ओवाळणीचं ताट. ती त्यातलं परत कसं करणार? उशीर झाला असं तरी कुठल्या तोंडाने म्हणणार? मला हे सगळं आधीच माहीत होतं. म्हणूनच तर मी ताट निवडलं.

आक्काने पिशवी कपाळाला लावली. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

जानेवारीच्या शेवटी मी त्यांच्याकडे गेलो. बोलावणं टाळता येईना म्हणून गेलो. चार दिवस आभाळ होतं. लांबून ते रान फार सुंदर दिसत होतं. माणच्या त्या उघड्या-बोडक्या माळावर एकच नारिंगी तुकडा. जवळ गेल्यावर देठ काळे दिसले. दाजी कमरेला पट्टा बांधून पाटावर बसले होते. पुढ्यात पाण्याची बादली होती, हातात दाढीचा ब्रश होता, आणि ते एकेक फूल धरून, त्याच्या शेपटीत ब्रशाचे केस घालून, किडे काढत होते. शेजारी झाकणात धुतलेली पंधरा-वीस फुलं होती. पाण्याने ती मलूल झाली होती. शेफने दोन वेळा माल परत केला होता. तरी ते धूत होते.

"पाव्हणं," दाजी म्हणाले, "तुमी यातलं जाणतं. आमचं काय चुकलं सांगा. निंबोळीचा अर्क मारला, राख मारली. काय कमी पडलं?"

त्यांनी ब्रश बादलीच्या काठावर ठेवला होता आणि ते माझ्याकडे बघत होते. मी शाळेतल्या मास्तरासारखा वाकलो, माती चिमटीत घेतली, चोळली.

"जमिनीचा फरक पडतो, दाजी. तुमच्याकडची हवा बी येगळी."

"व्हय. आसंल," ते म्हणाले.

आक्का मागे चहा घेऊन उभी होती. तिने कप माझ्या हातात दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बी कवा आलं हुतं रं तुझ्याकडं?"

"दिवाळीच्या आदल्या आठवड्यात."

"बरं."

तिने एवढंच म्हटलं. चहात साखर पुरेशी आहे का ते विचारलं. ती शांतपणे दाजींच्या शेजारी बसली आणि दुसरा ब्रश घेऊन फुलं धुवायला लागली. त्या क्षणी मी बोललो असतो तर हंगाम परत आला नसता, पण "हवा वेगळी" हे खोटं तरी त्या माणसाच्या डोक्यात राहिलं नसतं. मी घाईचं कारण सांगून निघालो. गाडीत बसल्यावर मला कळलं की मी दाजींकडून सवयीने एक डबी चांगली फुलं निवडून घेतली होती. त्यांनी ती आग्रहाने दिली होती, घरी दाखवायला म्हणून.

शिमगा झाल्यावर दाजी परत वाशीला गेले. कंबर तशीच. आता पोती उचलवत नाहीत, म्हणून एका गाळ्यावर राखणीला बसतात आणि तिथेच झोपतात. गावात लोक त्यांना "फुलं खाणारं पाव्हणं" म्हणतात. आक्का माझ्याकडे येते, सणाला येते, ओवाळते. कोणी त्या शेतीची चौकशी केली तर म्हणते, "आमच्याच हाताला यश न्हाई. भावानं बी दिलं हुतं की." हे ती माझ्या देखत म्हणते, माझ्याकडे न बघता.

मी आयुष्यभर समोरच्याशी भांडून मोकळा होत आलो. आक्का भांडत नाही. मला तिचा अजूनही राग येतो, आता या कारणासाठी येतो, आणि या रागाचीही मला लाज वाटते. गेल्या दोन हंगामांत मी तिला हस्ताच्या आधी बी पाठवलं. तिने ते शेजारणीला दिलं. मला निरोप पाठवला, "आता एकटीच्यानं खुडवत न्हाई." बायकोने तो निरोप मला शब्दशः सांगितला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. ती अजूनही तशीच बघते.

तेव्हा मी हे लिहून ठेवतो आहे, आणि ज्या चुलत्यांनी त्या दिवशी मान डोलावली त्यांनाही वाचायला देणार आहे. दाजी, तुमचं काही चुकलं नव्हतं. जमीन चांगली होती, हवा चांगली होती. आता तुम्ही माझ्या घरी या. फोनवर नको. बाहेरच्या सोप्यात बसा, सगळ्यांना बसू दे, आणि मला विचारा की तुमचं उरलेलं आयुष्य त्या गाळ्यावर कुणामुळे चाललंय. आक्का विचारणार नाही. तुम्ही विचारलं पाहिजे. मी खाली मान घालून गप्प बसलो तर उठून जाऊ नका. उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.